मागचं निळं

नंदनवनाच्या मागं नाग नदीचा आवाज आधी येत नाही,
वास येतो.
मग फेस. मग बगळा, दोन्हीला सरावलेला.

बेशरमाच्या झुडपापाशी मी बसते,
गुडघ्याखाली सिमेंटचं रिकामं पोतं,
मोबाइलच्या डोळ्यावर चिकटपट्टीनं लावलेलं
बाबांचं पितळी भिंग.
त्यातून ते इंचात किती धागे ते मोजत
आणि एक कमी भरला तर
माग थांबवून स्वतःलाच शिवी देत.
मला शिवी जमत नाही. मी श्वास रोखते.

पानाच्या खालच्या अंगाला सोनकिडा.
काचेसारख्या ढालीखाली पातळ सोनं,
ढालीच्या कडेतून पान दिसतं, शिरांसकट.
एकदा एक मेलेला घरी नेला होता, काडेपेटीत.
रात्रीतून तपकिरी झाला,
सराफानं परत केलेल्या अंगठीसारखा.
तेव्हापासून इथलं काही घरी नेत नाही.

भिंगाला एका वेळी
ज्वारीच्या दाण्याएवढंच जग परवडतं.
मिशी धरली की पाय सुटतो,
पाय धरला की डोळा.
वारा नको, मागच्या ट्रकची धडधड नको,
माझी नाडीसुद्धा नको असते.

वरच्या फांदीला संक्रांतीचा नायलॉन मांजा अडकलाय,
त्यात दव ओवलेलं.
थेंबाथेंबात नदी उलटी, पूल उलटा,
पुलावरून कळमन्याला निघालेली संत्र्यांची गाडी उलटी
आणि एकही संत्रं पडत नाही.

"काय करून राहिल्या जी?"

मागं कौतिकाबाई. नाव नंतर कळलं.
तेव्हा फक्त राखेचं टोपलं आणि दोन भेगाळलेल्या टाचा.
"फोटो."
"कायचे?"
"किड्याचे."
खरं वाटलं नाही तिला. कुणाला वाटेल?
"मांगच्या साली आला होता एक जन.
गयात कार्ड होतं. तो बी म्हने, पान्याचे फोटो.
मंग भिताडावर लाल नंबर टाकून गेले.
आमचं घर तं नाही ना आलं तुमच्या त्याच्यात?"

मी मोबाइल तिच्याकडे दिला.
तिनं हात लुगड्याला पुसला,
स्क्रीन जवळ नेली, लांब नेली.
सोनकिडा, त्याची ढाल, पानावरची लव,
आणि मागं सगळं निळं,
कडा नसलेलं, पाण्यात सुटलेल्या नीळीसारखं.
बोट तिनं तिथंच ठेवलं. किड्यावर नाही.

"हे?"

वळून पाहिलं तर उतारावर तिच्या छपराची ताडपत्री.
आभाळ आहे, म्हणता आलं असतं.
"ताडपत्री. तुमची."
"म्हंजे आलं."
"आलं. पण ओळखू येत नाही."

बराच वेळ ती बोटानं चाचपत राहिली,
दार कुठं, चूल कुठं,
धाकट्याची सायकल टेकलेली असते ती बाजू कुठली.
"सतरा नंबर बी नाही दिसत," ती म्हणाली.
"नाही."
"मंग राहू द्या."

राख ओतली, टोपलं उलटं करून दोनदा थोपटलं,
आणि चढ चढता चढता, माझ्याकडे न बघता:
"आमच्या मोरीपाशी या. दुधीच्या वेलावर
हिरव्या डोयाचा एक बसते रोज.
पन खाली बसूनच काढा, बाई.
उभ्यानं काढसान तं रस्ता येते त्याच्यात,
अन् रस्त्याले दिसतो आमी."

मी गेले, जवळजवळ रांगतच.
हिरव्या डोळ्यांचा त्या दिवशी आलाच नाही.
दुधीच्या मिटत चाललेल्या फुलाचा एक काढला,
थोडा हललेला.
मागं निळं.